उधाणाला गप्प बसलेली यंत्रं

मी नेमकं काय काम करते, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांत एकट्या काकांनी नीट विचारलं होतं. बाकीच्यांना ‘मोबाइलच्या कंपनीत आहे’ एवढं पुरे होतं. कुणाचा रिचार्ज अडकला की मला फोन यायचा. काका मात्र एकदा पेणला आमच्याकडे आले असताना बाबांशी चाललेलं बोलणं थांबवून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “बाय, तू दिवसभर करतेस काय ते सांग तरी.”

बाबा पेणच्या शाळेत शिक्षक होते, तिथेच घर बांधून राहिले. काका धरमतरच्या खाडीकडच्या आमच्या गावात राहिले आणि दोन्ही भावांची भातशेती एकटे करत आले. गाव खारेपाटातलं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला शेतं आणि मध्ये मातीचा बांध. बांध आहे तोवर शेती आहे.

मी त्यांना सांगितलं की टॉवरकडून फोनकडे येणारं बोलणं तसं सोपं असतं, कारण बोलणारा एकच असतो. फोनकडून टॉवरकडे जाणारी वाट मात्र सगळ्यांची सामाईक. कुठल्याही फोनला किंवा यंत्राला काही पाठवायचं असलं की आधी एक बारीक हाक मारावी लागते, मला बोलायचंय म्हणून. ती हाक मारायच्या जागाही ठरलेल्या आणि मोजक्या. दोघांनी एकाच जागेवरून एकाच क्षणी तीच हाक मारली तर टॉवरला धड कुणाचंच कळत नाही. मग दोघं थोडं थांबून पुन्हा हाक मारतात.

“आणि जागा कुठली ते कोण सांगतं?” काकांनी विचारलं.

“टॉवर. तो सारखा जाहीर करत असतो.”

“म्हणजे दवंडी.”

दवंडीच, मी म्हणाले, आणि ती दवंडी लहान करणं हे माझं काम. ती लांबली की बाकीच्या बोलण्याची जागा खाते, आणि ती ऐकण्यापुरतं प्रत्येक यंत्राला जागं राहावं लागतं, त्यात त्याची बॅटरी झिजते. काका हसले. एवढं शिकून दवंडी आखूड करतेस म्हणजे भारीच काम हाय, असं म्हणून त्यांनी बाबांकडे पाहिलं. त्यांना माझा अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. पुढे जे झालं त्यात या अभिमानाचाच मोठा हात होता, असं मला आज वाटतं.

लग्न होऊन मी रोह्याला आले. नवरा तिथल्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. मी बहुतेक दिवस घरूनच काम करायचे, आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी नवी मुंबईच्या ऑफिसात जायचे. आमची कंपनी टॉवरमधलं सॉफ्टवेअर बनवायची. आमच्या विभागाच्या प्रमुखांना आम्ही सर म्हणायचो. मृदू बोलणारा माणूस. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. कुणाचं काही कापून घ्यायचं असलं की ते आधी त्याच्या कामाचं कौतुक करत, हे लक्षात यायला मला काही वर्षं लागली.

एका मोठ्या गिऱ्हाइकाला छोट्या यंत्रांच्या जाळ्याचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. पाण्याची पातळी मोजणारे डबे बांधावर ओळीने बसवायचे, पाणी धोक्याच्या वर चढलं की डब्याने टॉवरला कळवायचं आणि बरेच डबे तसं बोलले की टॉवरमार्फत गावातल्या फोनवर इशारा जायचा, तोवर तिथे हिरवी खूण दिसायची, अशी कल्पना. जागा शोधत असताना सरांना कळलं की मी पेणची आहे आणि आमची शेती खारबांधाच्या आत आहे. त्यानंतर मी त्यांच्यासाठी नुसती इंजिनिअर राहिले नाही, ‘गावची मुलगी’ झाले.

हाकांच्या जागांचा आराखडा माझा होता. भरती आली की पाणी सगळ्या डब्यांपाशी जवळजवळ एकदमच चढणार, हे खाडीकाठच्या कुणालाही कळतं. म्हणजे एरवी दिवसभर गप्प असलेले डबे उधाणाच्या दिवशी एकाच वेळी हाका मारणार. म्हणून मी जागांचे दोन संच केले. एक रोजचा, लहान. दुसरा उधाणाचा, मोठा, आणि त्यात डब्यांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळी वेळ दिलेली. हे दोन्ही संच डब्यांना आधीच पाठ करून द्यायचे. मग टॉवरला दरवेळी सगळं लांबलचक सांगायची गरज नाही. आज कुठला संच चालू, एवढीच खूण त्याने जाहीर करायची. दवंडी किंचित लांब होत होती, पण कुणाची हाक वाया जात नव्हती. मला तो आराखडा फार आवडला होता. आपल्या हातून एखादी गोष्ट नेटकी उतरली की माणसाला बरं वाटतं, तसं.

भाताची कापणी झाल्यावर गावच्या देवळात बैठक झाली. सर आले, छान बोलले, मधूनमधून माझ्याकडे हात करत राहिले. गावाची एक जुनी पद्धत होती. उधाणाच्या दिवसांत घरटी एक माणूस पाळीने बांधावर फिरायचा, खेकड्यांची बिळं बघायचा, कुठे पाझर दिसला तर लगेच माती-पेंढा घालून बुजवायचा. आता ही पाळी लागणार नाही, असं सरांनी सांगितलं. काही जाणत्यांना ते पटलं नाही. आमचे डोळे हायत ते बरे, असं एकजण म्हणाला. त्यावर काका उठून उभे राहिले.

“ह्या मशीन माझ्या पुतणीने बनवल्यात,” ते म्हणाले. “तिची शेतीपन ह्याच बांधाच्या आत हाय. ती आपली शेती बुडवंल का?”

या वाक्यानंतर वाद राहिला नाही. काकांना गावात मान होता. शिवाय पाळी तशी मोडतच आली होती. तरणी माणसं कंपन्यांत शिफ्टला जायला लागली होती, आणि भर पावसात चिखल तुडवायला कुणाला हवं होतं? बांधावर डबे उभे राहिले. उद्घाटनाला काकांनी नारळ फोडला. एका डब्याच्या खांबाला हात लावून उभे असलेल्या काकांचा फोटो कंपनीच्या माणसाने काढला.

उन्हाळ्यात सरांनी मला बोलावून माझ्या आराखड्याचं कौतुक केलं. मग म्हणाले की दुसरा संच सध्या काढून टाकू. गिऱ्हाइकासमोर दुसऱ्या एका कंपनीचंही प्रात्यक्षिक होतं, आणि कुणाचं सिग्नलिंग, म्हणजे दवंडी, आखूड, कुणाची बॅटरी जास्त टिकते, यावर निवड होणार होती. माझी ती खूण आणि डब्यांनी पाठ करून ठेवायचे ते गट त्यांना जड वाटत होते.

मी म्हणाले, “सर, दुसरा संच उधाणासाठीच आहे. तो काढला तर हे सगळं कशाला करतोय आपण?”

“पुढच्या व्हर्जनमध्ये घेऊ ना,” ते म्हणाले. “आत्ता एकच संच ठेव. ट्रायल तर कोरड्या दिवसांत आहे.”

मी लेखी कळवलं, दोनदा कळवलं. उत्तरात आभार आले. कोरड्या दिवसांतल्या ट्रायलला बादलीने पाणी ओतून एकेका डब्याला जागं केलं गेलं. प्रत्येकाची हाक पहिल्या झटक्यात पोचली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही जिंकलो. पुढचं व्हर्जन पावसाच्या आधी येणार होतं. ते पावसानंतरवर गेलं.

पावसाच्या तोंडावर मी काकांना फोन केला. या वर्षी पाळी बंद करू नका, म्हटलं, मशीनमध्ये एक काम अर्धं राहिलंय. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले की मी गावाला शब्द दिलाय, आता कुठल्या तोंडाने पुन्हा पाळी लावू? आणि लावली तरी येणार कोण? थोडा फरक पडत असेल तर पडू दे, एवढ्याने काय बिघडतंय. तुझं काम आहे म्हणजे चांगलंच असणार, असं वर मलाच समजावून त्यांनी फोन ठेवला.

आषाढी अमावास्येचं उधाण भर दुपारचं होतं. लावणी नुकतीच आटपली होती. रोह्यात सकाळपासून पाऊस धरून होता, नवरा पहिल्या शिफ्टला गेला होता, आणि मी लॅपटॉप उघडून बांधावरच्या डब्यांचा नकाशा बघत बसले होते. प्रत्येक डब्याचा एक ठिपका. सगळे हिरवे. या हिरव्याबद्दलही माझं भांडण झालेलं होतं. डब्याने शेवटची जी खबर दिली ती ठीक होती, एवढाच त्याचा अर्थ. डब्याला बोलायचं आहे आणि बोलता येत नाही, यासाठी त्या नकाशात रंगच नव्हता.

भरती चढायला लागली तसे टॉवरकडचे आकडे माझ्यासमोर बदलायला लागले. हाका येत होत्या, भरपूर येत होत्या, पण एकमेकींवर आपटून. टॉवरला नुसता गलका ऐकू येत होता. मधूनच एखादा डबा आत शिरायचा, त्याचा ठिपका पिवळा व्हायचा, पण एकट्याच्या खबरीवर गावात इशारा जाणार नव्हता, आणि बाकीचे थांबून पुन्हा सगळे एकदम ओरडायचे. त्यांना दुसरी जागा माहीतच नव्हती. मी शिकवली होती, ती पुसून टाकली होती. टॉवरमध्ये हात घालायची परवानगी मला नव्हती. ज्यांना होती ते जेवायला गेले होते.

मी काकांना फोन लावला. तेही जेवत होते.

“काका, बांधावर जा. आत्ता.”

“का गो? मोबाइलवर तर सगळा हिरवा हाय.”

“हिरवं म्हणजे ठीक नाही, काका. हिरवं म्हणजे काहीच कळलेलं नाही. माणसं घेऊन जा.”

ते गेले. पुढचं मला त्यांच्याकडून कधी कळलं नाही, गावातल्या चुलत भावजयीने सांगितलं ते कळलं. वाटेत काकांनी ज्यांना ज्यांना हाका मारल्या त्यांनी खिशातून मोबाइल काढून बघितला आणि काय नाय काका, म्हणून ते पुन्हा पडवीत बसले. काकांना सांगता येईना, कारण मोबाइलवर विश्वास ठेवा असं त्यांनीच सांगितलेलं होतं. शेवटी थोडे लोक त्यांच्यामागून निघाले. बांधावर पोचले तेव्हा पलीकडच्या टोकाला बांध फुटून खांड पडलेली होती आणि खाडी शेतात उतरत होती. रेतीच्या गोणी टाकल्या त्या वाहून गेल्या. माणसं कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उभी होती, नुकतं लावलेलं भात पायाखाली होतं, आणि तेव्हा कुठे पुरेशा डब्यांच्या हाका पोचून सगळ्यांच्या फोनवर इशारा वाजायला लागला. काहींच्या अंगावरच्या खिशात वाजला, बांधावर ठेवलेल्या सदऱ्यांच्या खिशात वाजला, थांबेचना. भावजय म्हणाली की तेव्हा कुणी कुणाकडे बघितलं नाही.

खांड बुजवायला खारभूमी खात्याचा ठेकेदार पाऊस संपल्यावर आला. तोवर रोजची भरती शेतात येत-जात राहिली. त्या जमिनीत पुन्हा भात यायला किती पावसाळे जातील, हे आता कुणी बोलत नाही. आमच्या दोन तुकड्यांत खाऱ्या चिखलातली तिवरं उगवली आहेत.

कंपनीकडून चौकशीला सर स्वतः आले. बांधावर छत्री धरून फिरले. एका खांबाला कुणीतरी म्हैस बांधली होती, त्या दाव्याचा तुकडा त्यांना दिसला. त्यावरून ठरलं की स्थानिकांनी यंत्रांची हेळसांड केली. मी म्हणाले की एका म्हशीने सगळे डबे कसे गप्प होतील? सर म्हणाले की तू आत्ता भावनेच्या भरात आहेस, साहजिक आहे, तुमच्या घरचंच नुकसान झालंय. मला या बोलण्याचा इतका राग आला की मी रोह्याला परत येईपर्यंत एसटीत मुठी वळून बसले होते. भावना त्यात होतीच, पण हिशेब माझा बरोबर होता, आणि तो त्यांना माझ्याइतकाच कळत होता.

पुढच्या हिवाळ्यात कंपनीचा वार्षिक मेळावा झाला. मोठा हॉल, थंडगार, मऊ खुर्च्या. सर मंचावर आले. त्यांच्या भाषणाचा विषय होता, पुष्कळ यंत्रं एकदम जागी होतात तेव्हा अपलिंकच्या, म्हणजे यंत्राकडून टॉवरकडे जाणाऱ्या वाटेवरच्या, सामाईक जागा थोडक्यात कशा जाहीर कराव्यात. दोन संच, एक रोजचा आणि एक गर्दीचा. दोन्ही यंत्रांना आधीच दिलेले. टॉवरने फक्त एक खूण सांगायची. त्याच्या पेटंटचा अर्जही झाला असल्याचं त्यांनी सांगितलं आणि सोबतच्या दोघांची नावं घेतली. माझं नव्हतं. मग पडद्यावर काकांचा फोटो आला, खांबाला हात लावून उभे, कपाळाला गुलाल. फील्डवरच्या एका अनुभवातून आम्ही हे शिकलो, असं सर म्हणाले.

प्रश्न विचारायची वेळ झाली तेव्हा मी उभी राहिले. विचारलं, “सर, दुसरा संच पहिल्या आराखड्यात होता. तो कोणी काढला?”

सर जराही गडबडले नाहीत. “खूप चांगला प्रश्न आहे,” ते म्हणाले. “प्रत्येक डिझाइनमध्ये त्या त्या वेळी काही तडजोडी असतात. आमच्या टीममध्ये असं मोकळेपणाने विचारता येतं याचा मला अभिमान आहे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी की त्यांच्यासाठी, कळायला मार्ग नव्हता. माझ्या शेजारी बसणारी, माझी मैत्रीण म्हणवणारी मुलगी खाली मान घालून फोन बघत होती.

त्या महिन्यात मी नोकरी सोडली. कुणी थांबवलं नाही. आता रोह्यातल्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. लहरींचा धडा येतो तेव्हा तो शिकवते आणि पुढे जाते. मुलं विचारत नाहीत, मीही सांगत नाही.

काका मात्र मनातून जात नव्हते. शेती बुडाल्यावर ते पेणजवळच्या जोह्याला गणपतीच्या मूर्तींच्या एका कारखान्यात जायला लागले होते. सकाळी बसने जायचं, संध्याकाळी परत. गावात त्यांच्याशी उघड भांडण कुणी केलं नाही. देवळाच्या बैठकीला त्यांना बोलावणं येईनासं झालं, एवढंच. बाबांनाही गावात कुणी काही म्हणत नसे, तरी त्यांनी तिकडे जाणं बंद केलं. आणि मी? पुतणीने शहरातून भिकार मशीन आणली आणि गाव बुडवलं, असं माझ्याबद्दल बोललं जातं, हे भावजयीने मला आडपडदा न ठेवता सांगितलं.

गणपतीच्या आधी मी जोह्याला गेले. शेडमध्ये पांढऱ्या मूर्तींच्या रांगा लागल्या होत्या. काका खाली बसून एका मूर्तीचा सांधा पॉलिश पेपरने घासत होते. केसांवर, भुवयांवर पांढरी भुकटी. मला बघून ते उठले नाहीत, पण मालकाला सांगून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी इकडचं तिकडचं विचारलं. गुडघा दुखतो, म्हणाले. बाबांची चौकशी केली.

शेवटी मी म्हणाले, “काका, मी पावसाआधी फोन केला होता. पाळी बंद करू नका म्हणाले होते.”

“व्हय.”

“ते तुम्ही गावात एकदा सांगाल का? एकदाच. लोक मला काय काय बोलतात.”

त्यांचा हात घासत राहिला. मूर्तीवरची भुकटी फुंकून ते बोलले. “ते मी सांगितला तर लोक म्हनतील, ह्याला ठावूक व्हता आनि हा गप बसला.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू रोह्याला ऱ्हातेस. मला गावात ऱ्हायचा हाय.”

मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. राग आला, आणि राग काढायचा तर कुणावर, ते कळेना. ज्यांनी माझं काम आधी कापलं आणि मग उचललं, ते मऊ खुर्चीत होते. समोर बसलेला माणूस माझ्यावर भरवसा ठेवून उघडा पडला होता, आणि आता स्वतःला झाकायला मला उघडं ठेवत होता. त्यांना मी दोष देऊ शकते. देतेही. पण तो त्यांच्या तोंडावर देणं मला जमलं नाही.

चहा संपल्यावर मी उठले. येते, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मूर्ती हळूच दुसऱ्या अंगावर वळवून घेतली. बाहेर पेणची बस लागायला वेळ होता. थांब्यावर एक बाई फोन कानाला लावून पुन्हा पुन्हा हॅलो हॅलो करत होती. तिने मला विचारलं, तुमच्या फोनला रेंज हाय का. मी फोन काढून बघितला, आहे म्हटलं, आणि तो तिच्या हातात दिला.